जेलीफिश आणि पेल्यांची उतरंड

समुद्र मी तोवर पाहिला नव्हता, पण लातूरच्या एका डाळमिलच्या माडीवर तो दरवर्षी उभा करायचो. भूकंपानंतरची वर्षं ती. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातूर गाठत होती आणि मी त्यांना प्राणिशास्त्र शिकवत होतो. शिकवत कसला, नाटक करत होतो!

जेलीफिशच्या झुंडीचा प्रवेश माझा लाडका. नद्यांतून खतं वाहून आली की समुद्रात सूक्ष्म जिवांची चंगळ होते. ते खाणारे मासे माणसानं जाळ्यात ओढून नेले की सगळं ताट जेलीफिशला मोकळं. म्हणून चार पोरांना ‘मासे’ करून मी वर्गाबाहेर हाकलायचो. पोरं खूश! उरला तळ. तिथं खडकाला चिकटून बारके जीव गप्प बसलेले असतात, वर्षानुवर्षं. पाण्याची ऊब पालटली की एकेकाच्या बशांसारख्या चकत्या होतात, एकीवर एक, आणि सुटून वर निघतात. लाखांनी.

त्या वर्षी मला अवदसा आठवली. खालच्या हॉटेलातून स्टीलचे पेले आणून टेबलावर उपडे रचले. “पाणी तापलं!” असं ओरडून मी टेबलाजवळच्या लाकडी चौथऱ्यावर पाय आपटला. उतरंड खणखणत कोसळली.

मी हशाची वाट बघत होतो. दाराजवळची, औशाकडच्या खेड्यातली मुलगी किंचाळून जिना उतरली, अनवाणी. आठवडाभर वर्गात आली नाही.

शेवटी एस्टीनं तिच्या गावी गेलो. घर नवं, सिमेंटचं. झोपायला मात्र सगळे समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. शेडच्या कोपऱ्यात उपड्या पेल्यांची उतरंड. जमीन हलली की आधी ती पडणार, मग सगळ्यांनी बाहेर पळायचं. भूकंपानंतर माझ्या आईनंही वर्षभर अशीच रचली होती. मी चक्क विसरलो होतो.

“जा म्हणलं, डाक्टर हो,” तिचे वडील म्हणाले. “ऐकंना सर. जातच न्हाई म्हणती.”

मुलगी खांबाला टेकून उभी होती. “सर, ते तळातले मरत न्हाईत का?”

खोटं बोलायची फार इच्छा झाली. “वर आलेले मरतात. तळातले राहतात.”

“म्हंजी परत येणार.”

“सगळं जुळून आलं तर. मासे भरपूर असले, की एवढे येत नाहीत.”

“मग माशांला बाहेर का काढता?”

“नाटक रंगतं.”

तिनं विचार केला. “मला मासा करा. पर मी आतच बसणार. अन् दार उघडं ठेवायचं.”

“घ्या!” वडील म्हणाले. “डाक्टर हो म्हणलं, तर मासा व्हायला निघाली!”

सोमवारी ती आली. मी प्रवेश पुन्हा केला, पेल्यांशिवाय. चार मासे बाहेर, पाचवा दाराशी, बाक घट्ट धरून. “या वर!” म्हणालो आणि बाकांखाली तळ होऊन बसलेली पोरं उठू लागली. नेमकी तेव्हाच खालची मिल सुरू झाली. फरशी थरथरली, रोजच्यासारखी. टेबलावर माझा पाण्याचा एकच पेला होता. पाण्यावर बारीक वर्तुळं उठली.

ती जागची हलली नाही. दाराकडं एक पाऊल टाकलं होतं, ते मी.