पायाखालचं बटण

बाबांचा उजवा अंगठा धरायला लागला, तेव्हा त्यांच्या माईकमध्ये नेमकं काय असतं हे मला पहिल्यांदा बघावंसं वाटलं. रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून ते तरसालीच्या घरी रोज सकाळी हॅम रेडिओवर दूरदूरच्या हौशी मित्रांशी बोलत बसत. बोलायचं तर माईकचं बटण दाबून धरायचं, ऐकायचं तर सोडायचं. सांधेदुखीमुळे बटण मध्येच सुटायचं आणि पलीकडच्याला अर्धंच बोलणं ऐकू जायचं.

मी शाळेत इतिहास शिकवते. एका रविवारी वासण्याच्या माझ्या घरून त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, "बाबा, हा माईक उघडू?"

"उघड की!"

आत चार बारीक तारा आणि नखाएवढं बटण. एवढंच?

"या बटणातून आवाज जातो?"

"छे! आवाजाची तार वेगळी. बटण सेटला फक्त सांगतं, ऐकणं थांबव, आता आपली पाळी."

त्यांनी तारा तपासायचा मीटर दिला. त्याच्या दोन सुया तारांना टेकवून बटण दाबलं की मीटर पीं करायचा, सोडलं की गप्प. मी कितीतरी वेळ तेच करत बसले.

मग खाखऱ्याच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यात वर-खाली करायचा स्विच आणि तो वर असताना पेटणारा एक लाल दिवा बसवला, आणि माईकच्या बटणाच्या तारा स्विचला जोडल्या. माझं पहिलं सोल्डरिंग बघून बाबा म्हणाले, "मुंगीनं लाडू चिकटवलाय." दुसरं जमलं. आता स्विच एकदा वर केला की अंगठ्याला काम नव्हतं.

पुढच्या रविवारी बाबा बोलून उठले आणि स्विच खाली करायला विसरले. खिडकीतून येणाऱ्या भर उन्हात लाल दिवा कुणाला दिसतोय? आई स्वयंपाकघरातून आली ती तावातावानं.

"अहो, दुधी सांगितला तर काकडी आणलीत! जगाचं ऐकता, माझं तेवढं ऐकू येत नाही!"

तेवढ्यात बाबांचा मोबाईल वाजला. शहरातल्याच गोरव्याचे त्यांचे गुजराती रेडिओमित्र होते. "काका, स्विच बंध करो! काकीनी बधी वात संभळाय छे!"

काकूंचं सगळं बोलणं ऐकू येतंय म्हणे! बाबांनी धावत जाऊन स्विच खाली केला. आई आधी लाजेनं लाल झाली. मग खुर्ची ओढून सेटसमोर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"किती लांब गेलं असेल हो माझं बोलणं?"

"गोव्यापर्यंत तरी."

"बाई गं!" ती डबा उलटसुलट करून बघत राहिली. मग म्हणाली, "हे पायानं का नाही करत? माझ्या शिवणयंत्रासारखं. पाय उचलला की बंद."

बाबा लगेच कपाटाकडे गेले.

शिवणयंत्राची जळलेली मोटर कपाटात पडून होती. तिचं पेडल उघडलं, आतलं सगळं काढून साधं बटण घातलं आणि वायर डब्यापर्यंत आणली. संध्याकाळी बाबांनी पाय ठेवला, हाक दिली आणि उत्तर आलं.

दोन्ही हात मोकळे झाल्यावर ते चक्क हातवारे करून बोलायला लागले, जणू गोव्याचा माणूस समोरच बसलाय. आई त्यांच्या हातांकडे बघत होती आणि मी पायाकडे.