तिखटाचे ठसे
परवा लालबागेत मिरची कुटल्याचा वास नाकात गेला आणि ती कादंबरी आठवली. ऑफिसातल्या दादरच्या ज्या टापटीप मुलीवर माझा जीव जडला होता, तिनेच ती मला दिली होती; भांडता भांडता प्रेमात पडणाऱ्या दोघांची, खाकी कव्हर घातलेली. मी गबाळ्या, आईचा मसाला कुटून घेता घेता लालबागेतल्या गिरणीतच ती कादंबरी वाचायला बसलो. परत देताना छातीठोक सांगितलं, "शेवटाला रडलो गं." तिने पानं चाळली आणि सटासट शिंकली. "खोटारड्या, तिखटाचे ठसे चाळिसाव्या पानापर्यंतच आहेत!" संपलंच सगळं, मी मनात म्हटलं. ती नाक पुसत म्हणाली, "रविवारी घरी ये, पुढचं मी वाचून दाखवते." लग्नाला बारा वर्षं झाली, तरी शेवट मला ठाऊक नाही, मी दरवेळी त्याआधीच घोरायला लागतो.