पाळण्यातलं डुक्कर

हॉलमधले सगळे हसले. पहिल्या रांगेतले डीटर हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत राहिले आणि तीन सेकंदांनी एकटेच हसले.

हेन्डरसन या आमच्या उपनगरातल्या एका हॉलमधला हा ट्रायल शो. सिनेमा युद्धानंतरच्या काळातली जर्मन कॉमेडी, इंग्लिश सबटायटल्स माझी. डीटर आमचे क्लायंट, वय चौऱ्याऐंशी. शनिवारी त्यांना तो नातवंडांना दाखवायचा होता. नातवंडांना जर्मन येत नाही.

"सगळे माझ्या आधी हसले," ते म्हणाले. "मला मुलांबरोबर हसायचंय. एकाच वेळी."

माझी भाची माझ्या बाबांच्या मराठी विनोदांवर कोणीतरी समजावल्यावर हसते. बाबा तोवर दुसऱ्या विषयावर गेलेले असतात. मी डीटरना एवढंच म्हटलं, "बघते."

सीन असा. सैनिकांपासून वाचवायला गावकरी डुकराचं पिल्लू टोपडं घालून पाळण्यात ठेवतात. सार्जंट वाकून बघतो. "छान आहे बाळ," म्हणतो. मग गप्प. पाळण्याकडे बघतो, शेतकऱ्याकडे बघतो. मग म्हणतो, "नाक वडिलांवर गेलंय."

पडद्यावर एका वेळी दिसणाऱ्या मजकुराला आम्ही क्यू म्हणतो. फार छोटे क्यू लुकलुकतात, म्हणून ते जोडायची पद्धत आहे. मी ही दोन्ही वाक्यं जोडली होती. सार्जंट गप्प असतानाच लोकांनी नाक वाचलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ग्रॅहमने, माझ्या बॉसने, फाइल बघितली. "वाचायला तर स्वीट अ‍ॅज आहे, एकदम झकास. मधली शांतता तुला कळली कशी नाही?"

"साऊंड ऑफ होता."

"का?"

"जर्मन येत नाही, मग लक्ष जातं. संवादांच्या इंग्लिश भाषांतराची लिस्ट मिळाली होती, तिच्यातल्या टायमिंगवरून केलं."

"कॉमेडी? साऊंड ऑफ?"

"हो."

तो बराच वेळ काही बोलला नाही. ही शांतता मात्र मला नीट ऐकू आली.

शुक्रवारभर मी अख्खा सिनेमा आवाजासकट पाहिला. शब्द कळत नव्हते, पण कोण कुठे थांबतं ते कळत होतं. एकोणीस क्यू तोडले.

शनिवारी मी मागे दाराजवळ उभी होते. "छान आहे बाळ." मग सबटायटलची जागा कोरी.

"ग्रँडपा, तो बोलत का नाहीये?" धाकट्या नातीने विचारलं.

"थांब."

नाक आलं. दोघं एकदमच हसले. डीटरना हसता हसता ठसका लागला. नात त्यांच्या पाठीवर थोपटत होती, आणि तीही हसतच होती.

सोमवारी टीमच्या चेकलिस्टमध्ये सगळ्यात वर एक नवी ओळ होती : साऊंड ऑन ठेवा, भाषा येत नसली तरी. का, ते लिहिलेलं नव्हतं. माझं नावही नव्हतं. ग्रॅहम तसा चांगला बॉस आहे.