सुमनच्या करवंटीच्या डब्या

सुमन गेल्याचं मला महिला मंडळाच्या ग्रुपवर कळलं. सकाळी चहाचं आधण ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच कोसळली, एवढीच बातमी, आणि तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मी पायात चप्पल सरकवत होते तेवढ्यात एकीनं लिहिलं, "भाग्याची हो, सवाष्ण गेली." त्यावरही लगेच अंगठे आले. साकेत नगरहून शाहपुऱ्याला जाताना रिक्षात मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होते आणि माझं डोकं फिरत होतं. ज्या बाईला संसारात कुणी दोन गोड शब्द दिले नाहीत, तिला मेल्याबरोबर भाग्यवान करून टाकलं... आता काही आठवडे उलटले, पण माझा राग उतरलेला नाही. हे रागातच लिहिते आहे. ज्यांना गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी खुशाल पान उलटावं.

आमची ओळख टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमधली, भिंतीला भिंत लागून. ती उज्जैनच्या एका मास्तरांची मुलगी. सासर नागपूरचं, ऑफिसबरोबर भोपाळला आलेलं. लग्नात मानपानाला आलेल्या साड्या तिच्या नणंदेला, कुंदाताईंना, हलक्या वाटल्या आणि त्या चारचौघीत म्हणाल्या, "उज्जैनवाल्यांचा हात जरा आखडताच." लग्नघरातलं बोलणं, मांडव उतरला की संपायला हवं होतं. पण आपल्याकडे अशी वाक्यं जन्मभर पेन्शन खातात. सुमननं दिवाळीला डबा भरून लाडू पाठवले की "यंदा उजाडलं म्हणायचं," आणि जरा कमी पाठवले की "म्हटलं नव्हतं?" धाकट्या जावेनं, वंदनानं, ते वाक्य आयतं उचललं. पुढे सून आली, रुचा, तिच्याही कानावर ते हळद उतरायच्या आत पडलं. सुमन उलटून कधी बोलली नाही. फक्त मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना एकदा मला म्हणाली होती, "नलू, मला एकदाच सगळ्यांना असं काही द्यायचंय ना, की कुंदाताईंच्या तोंडून 'सुमननं छान आणलं' एवढं निघेल. मग मी सुटले." मला तेव्हाच ते आवडलं नव्हतं. ज्यांच्याकडून शाबासकी हवी ती माणसं त्या लायकीची आहेत का, हे तिनं कधी पाहिलंच नाही.

ती संधी तिला दिसली ती आमच्या मंडळाच्या लक्षद्वीपच्या सहलीत. कोचीहून मोठं जहाज, एका बेटावर दोन-तीन तास उतरायचं आणि परत जहाजावर. तिच्या यजमानांनी आपलं नाव द्यायला नकार दिला. "पाणीच बघायचंय ना? मग आपला बडा तालाब काय वाईट आहे?" म्हणाले. सुमननं समुद्र जन्मात पाहिला नव्हता. रेल्वेत ती शाळेतल्या मुलीसारखी खिडकीशी बसून होती आणि म्हणत होती की मला पोहायचं नाही, होडीत बसायचं नाही, नुसतं गुडघाभर पाण्यात उभं राहायचंय, साडी भिजली तरी चालेल. कोचीच्या धक्क्यावर जहाज पाहिलं तेव्हा तिनं चक्क हात जोडले.

आणि मग बेट आलं. पाणी असं निळंशार की आमच्यातल्या बडबड्या बायकाही गप्प झाल्या. छोट्या होडीतून उतरताना होडीवाल्यानं बजावलं, शिंपले-पोवळी काही उचलायचं नाही, मनाई आहे. बाकीच्या काचेच्या तळाच्या होडीकडे पळाल्या. सुमनला मात्र धक्क्याजवळ एक पत्र्याची शेड दिसली. आत बायका नारळाच्या करवंटीच्या वस्तू विकत होत्या. घासून, तेल पाजून गुळगुळीत केलेल्या डब्या, वर करवंटीचंच झाकण, त्याला नारळाच्या शेंडीएवढी मूठ. ती आत शिरली ती शिरलीच. एकेक डबी उजेडात धरून बघायची. दुकानातली बाई मोडक्या हिंदीत म्हणत होती, "सब सेम, अम्मा, सब सेम," आणि ही म्हणत होती, "नहीं बाई, सेम कैसे? हिचा रंग बघ. नलू, ही काळसर कुंदाताईंना, त्यांना गडद आवडतं. ही रुंद तोंडाची वंदनाला, तिची बोटं जाड आहेत, कुंकू काढायला बरी. रुचाला ही छोटी, पर्समध्ये मावेल." मी तिला दोनदा हाताला धरून ओढलं. "अगं, समुद्र बाहेर आहे." "आले, आले," करत ती पुन्हा आत. शेवटी मी भांडले तेव्हा तिनं स्वतःसाठी एक घेतली, तीही सर्वांत शेवटी, थोडी वेडीवाकडी, जी कुणाला द्यायला बरी दिसली नसती. तोवर होडीवाला शिट्टी मारू लागला. परत जाताना पाण्यात पाय टाकला तेवढाच तिचा समुद्र, घोट्याएवढा. पिशवी भिजू नये म्हणून तिनं ती डोक्याशी धरली होती.

जहाजावर आल्यावर तिनं मंडळातल्या एकीकडून लाल नेलपॉलिश मागून आणली आणि बर्थवर मांडी घालून प्रत्येक डबीच्या तळाला अक्षर काढलं. कुंदाताईंचा कुं, वंदनाचा वं, रुचाचा रु, माझा न, अशी सगळ्या नात्यागोत्यातल्या बायकांची. स्टीलच्या प्रत्येक वाटीवर नाव घालून घेणाऱ्या पिढीतली बाई ती, तिला त्याशिवाय चैन पडणार नव्हती. "एकीची दुसरीकडे जायला नको," म्हणाली. तिच्या स्वतःच्या डबीचा तळ तेवढा कोरा राहिला. मी विचारलं तर हसली. "माझ्यावर नाव कशाला? ती कुठं जाणार आहे?"

परत आल्यावर काशीयात्रेनंतर मावंदं घालतात तसं तिनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. कुंदाताई इंदूरहून आल्या. मीही होते, म्हणून हे छातीठोकपणे सांगते. जेवणं झाल्यावर तिनं एकेकीच्या हातात डबी ठेवली, कुणाला कुठली आणि का ते सांगत. कुंदाताईंनी आपली फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "करवंटी होय? आमच्याकडे करवंट्या बंबात जायच्या." सगळ्या हसल्या. सुमनही हसली. तेवढ्यात रुचाची आई अचानक आली. विहीणबाईंना रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून सुमन आत गेली आणि स्वतःची वेडीवाकडी डबी कागदात बांधून घेऊन आली... ती हातात घेताना विहीणबाईंनी कागदसुद्धा सोडला नाही.

त्यानंतरच्या संक्रांतीला आम्ही दोघी शाहपुऱ्यातल्या एका बँकवाल्या बाईंकडे हळदीकुंकवाला गेलो. भोपाळ-इंदूरचा मराठी गोतावळा एवढासा, वाणात मिळालेली वस्तू पुढच्या वर्षी आपण दुसरीला लुटायची, हे सगळ्याच करतात, त्यात कुणाला लाजही वाटत नाही. सुमनच्या हातात त्या बाईंनी करवंटीची डबी ठेवली. सुमननं ती हळूच उलटी केली. तळाला कुं. मी बाहेर आल्यावर भडकले, म्हटलं, लाव फोन इंदूरला. ती म्हणाली, "काय विचारू? दिलेल्या वस्तूचा जाब कुणी विचारतं का?" मग रुमालात डबी गुंडाळत म्हणाली, "माहेरी आली बिचारी. दमली असेल." त्यानंतर तिनं तो विषय पुन्हा कधी काढू दिला नाही. मला वाटलं, झालं तेवढंच.

तेराव्याच्या दुपारी पानं उचलल्यावर रुचानं सुमनच्या कपाटातून एक कापडी पिशवी आणली आणि हॉलमध्ये सतरंजीवर ओतली. सगळ्या डब्या होत्या. एक-दोन नव्हे, जवळजवळ सगळ्या. संक्रांतीमागून संक्रांती त्या या घरातून त्या घरात फिरत, भोपाळभर हिंडून पुन्हा तिच्याच ओंजळीत पडल्या होत्या आणि ती एकेक आणून मुकाट्यानं ठेवत गेली होती. कुणाला कळलं नाही, मलासुद्धा. रुचा म्हणाली, "बघा ना आत्या, आईंनी इतकं आणलं आणि कुणाला दिलंच नाही. कपाटात भरून ठेवलं." कुंदाताईंनी मान हलवली. "हात आखडताच होता तिचा. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण होता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रुचाच्या हातातली डबी मी उलटी केली आणि म्हटलं, "वाच. रु आहे. ही तुझी. तुला दिली होती, तू कुणाला तरी देऊन टाकलीस." कुंदाताईंची काढून त्यांच्यासमोर ठेवली. सांगितलं, मी इथंच बसले होते, तुम्ही बंबाचं बोललात तेव्हा. त्या गोंधळल्या. खोटं बोलत नव्हत्या, त्यांना खरंच आठवत नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. वंदनानं डबी बोटांत फिरवून शांतपणे निकाल दिला. "वहिनींनी द्यायच्या म्हणून अक्षरं काढली असतील, आणि मग मन झालं नसेल." सगळ्यांना ते पटलं. सुमनच्या यजमानांनी पेपर खाली केला. "जाऊ द्या ना वहिनी, आता कशाला?" ते मला म्हणाले आणि पुन्हा पेपर वर केला. रुचा नखानं रु खरवडत होती. "रिमूव्हरनं निघेल," ती म्हणाली. "यंदा तर आपलं वर्ष आहे, सण नाहीत. पुढच्या संक्रांतीला वाणाला होतील." तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. घर आवरणाऱ्या बाईचा आवाज होता. मी पाणीही न पिता उठले.

त्या ढिगात मी आधीच पाहून घेतलं होतं. कोऱ्या तळाची, वेडीवाकडी, तिची स्वतःची डबी त्यात नव्हती. माझी सोडून सगळ्यांच्या परत आल्या. तिची आली नाही. कुणाच्या तरी माळ्यावर कागदात बांधलेली पडली असेल, किंवा फेकलीही असेल...

सध्या संक्रांतीची हळदीकुंकवं चालू आहेत. मी कुठलंच चुकवत नाही, एरवी मला त्यांचा कंटाळा. वाण हातात पडलं की यजमानीणबाईंच्या तोंडावरच ते उलटं करून बघते. काल प्लास्टिकची गाळणी निघाली, परवा साबणदाणी. बायका एकमेकींकडे बघतात, नलूताईंचं काहीतरी बिनसलंय म्हणतात, म्हणू देत. माझी न ची डबी देवापुढे आहे, कुंकवानं आतून लालभडक झालेली. माझ्या सुनेला परवा समोर बसवून हे सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि म्हटलं, माझ्यामागे ही वाणात द्यायची नाही, बरं का. ती मोबाइलमध्ये बघत होती. "हो आई," म्हणाली, आणि थोड्या वेळानं विचारलं, "कुठली डबी?"