आक्काची टाच

दाजींचा फोन आला तेव्हा मी शाळेत निघायच्या गडबडीत होते. "तुझी आक्का गेली गं, नंदा," एवढंच म्हणाले आणि फोन तसाच चालू राहिला... मागे कुणीतरी रडत होतं. झेंडू तोडता तोडता ती वाफ्यात खाली बसली, ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या मनात मात्र एकच येत होतं, की आत्ता कुठे ती पायावर उभी राहिली होती.

आक्का माझी मोठी बहीण. मखमलाबादच्या सासरी तिचं सगळं आयुष्य फुलांच्या मळ्यात गेलं. शुगरमुळे तळव्यांची जाणीव कधी गेली ते तिलाही कळलं नाही. गेल्या वर्षी चपलेतला खिळा वर येऊन टाचेत घुसला आणि ती दिवसभर तशीच वावरात हिंडली. संध्याकाळी दाजींना ओसरीवर रक्ताचे ठसे दिसले. पुढे टाच सुजली, आतून सडत गेली. एका दवाखान्यात गुडघ्याखाली पाय काढायला सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र पायातला रक्तपुरवठा तपासला, मेलेलं मांस काढलं आणि म्हणाल्या, खात्री देत नाही, पण प्रयत्न करू.

टाचेत अंगठा मावेल एवढा खड्डा पडला होता. त्यात त्यांनी काळा स्पंज बसवला, वरून पातळ पारदर्शक पट्टी चिकटवून तो हवाबंद केला आणि त्यातून काढलेली नळी एका छोट्या यंत्राला जोडली. हे यंत्र जखमेतलं घाण पाणी ओढून घेत राहतं, त्या ओढीनं कडा जवळ येतात, आतून नवं मांस धरतं, असं बाईंनी समजावलं. घरी आल्यावर आक्का ते यंत्र खांद्याला अडकवून, पाय उशीवर ठेवून हार ओवत बसायची. स्पंज बदलायच्या वेळी दाजी तोंड फिरवायचे. तिला स्वतःची टाच दिसायची नाही. एकदा माझा हात धरून म्हणाली, "तू बघ. खरं सांग, मला फसवू नको."

मी वाकून बघितलं. "लाल झालंय, आक्का. डाळिंबाच्या दाण्यांसारखं."

"म्हंजी धरलं," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

खड्डा भरत आला तसं यंत्र निघालं, हळूहळू वरून कातडीही आली. मऊ चपला घालून ती पुन्हा मळ्यात जाऊ लागली... आणि काही महिन्यांतच हे. शेवटची आंघोळ घालताना ती टाच माझ्या ओंजळीत होती. गुलाबी, मऊ, पूर्ण भरलेली. पाणी घालायला माझा हात पुढे होईना. सगळ्यांनी इतकं जपून वाचवलेलं ते पाऊल आता आम्हीच सरणावर ठेवणार होतो.

बरी झाल्यापासून तिनं घराला एक शिस्त लावली होती. वावरातून आल्यावर पाय धुवायचे, पायरीवर बसायचं आणि तिला तळवे दाखवायचे. ती बोटांच्या बेचक्यासुद्धा बघायची. दाजी कुरकुरायचे, पण बसायचे.

परवा मी गेले होते. दाजी मळ्यातून आले, पाय धुतले, पायरीवर बसले आणि नेहमीसारखे दोन्ही पाय पुढे केले. मग त्यांच्या लक्षात आलं... तरी त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. मी खाली बसले. एकेक तळवा हातात घेऊन नीट बघितला.

"काही नाही, दाजी," मी म्हटलं. "चांगले आहेत."

त्यांनी मान हलवली आणि तसेच बसून राहिले.