मोराच्या शेगडीमागे

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या मामेभावाइतका अस्वस्थ माणूस त्या काळी सगळ्या मुलुंडमध्ये दुसरा नव्हता. मी त्यांना भाऊजी म्हणायची. ते आले की खुर्चीच्या काठावर टेकायचे, पाण्याचा पेला हातात घ्यायचे आणि तो तसाच घेऊन माझ्या स्वयंपाकघरात शिरायचे. नजर थेट ओट्याखाली. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या पणजोबांनी माझगावला ओतीव लोखंडाच्या शेगड्यांचा कारखाना काढला होता. प्रत्येक शेगडीवर मोर. कारखाना केव्हाच बंद पडला, पण त्याची बाडं, नकाशे, गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार असं सगळं भाऊजींच्या दोन खोल्यांत खाटांखाली कोंबलेलं होतं. नव्हती ती फक्त शेगडी. कारखान्याची रीतच अशी, की जुनी आणून दिली तर नवी स्वस्तात मिळे आणि जुनी वितळवली जाई. पणजोबांनी आपलाच माल इतक्या निष्ठेने संपवला, की पणतवाला पुराव्यालाही एक उरली नाही. त्यात मुलगा जेवताना म्हणायचा, "बाबा, तुमचा कारखाना नुसता कागदावरच होता वाटतं." ते भाऊजींना फार लागे. एक तरी शेगडी त्याच्यासमोर आणून ठेवायची, एवढंच त्यांचं वेड होतं.

मग काय, भंगारवाले झाले, लग्नघरं झाली. चेंबूरला एका वास्तुशांतीत भाऊजी सोवळ्यानिशी ओट्याखाली पालथे पडलेले सापडले. यजमानांनी विचारलं, "काही हरवलं का?" तर म्हणतात, "हरवलेलंच आहे, सापडतं का बघतोय." आमच्या जाऊबाई, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्याबरोबर कुठे जायलाच तयार नसत.

शेवटी शेगडीचा पत्ता माझ्याकडूनच लागला. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मालवणच्या काकूंनी सहज सांगितलं, की कांजूरमार्गला त्यांच्या चाळीत मोराची शेगडी आहे. भाऊजी चहा टाकून निघाले. मीही मागोमाग गेले, नाहीतर ते तिथे काय बोलले असते देव जाणे. शेगडी काकूंच्या सुनेच्या खाटेखाली होती, वर बाळ-बाळंतीण. भाऊजींनी गुडघे टेकून मोरावरची राख पुसली आणि तिथल्या तिथे मागणी घातली. काकू म्हणाल्या, "तुमका दिलंय तर तिका शेक कसलो देऊ? सव्वा म्हयनो होऊंदे, मगे बघूया."

सव्वा महिना भाऊजी आमच्या गॅलरीत येरझारा घालत होते. तो सरला तेव्हा शेगडी शेजारच्या खोलीत गेली होती, तिथून वरच्या मजल्यावर. "वहिनी," ते कळवळून म्हणाले, "या चाळीत पाळणा थांबतच नाही हो."

मग एक दिवस काकूंनी निरोप आणला, "शेगडीची जाळी मोडली. आता न्हेवा म्हणा." मला वाटलं, सुटले एकदाचे. पण भाऊजी शेगडी आणायला गेलेच नाहीत. त्यांनी खाटेखालची सगळी बाडं उपसली, त्या जाळीचा नकाशा शोधला आणि कुर्ल्याच्या एका ओतकामवाल्याकडून तशीच नवी जाळी करून घेतली. ती जड, म्हणून उचलायला मुलाला चाळीत नेलं. जाळी पणजोबांच्या शेगडीत अलगद बसली. मुलगा मोरावरून बोट फिरवत बसला.

"अहो भाऊजी, आता तर मिळत होती ना?" मी विचारलं.

"मिळत होती. पण वहिनी, ते आमचं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाच्या घरातून चालती शेगडी उचलायची कशी?"

पुढे त्यांनी ती कधी मागितली नाही. भाऊजींना जाऊन बरीच वर्षं झाली. त्या चाळीचीही आता इमारत झाली म्हणतात. शेगडी आज कोणाच्या खाटेखाली आहे, की कुणी भंगारात घातली, मला माहीत नाही, आणि का कोण जाणे, चौकशी करायला मन होत नाही.