जिन, टॉनिक आणि विहीणबाई

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मध्ये मध्ये नको. मी जन्मात दारूच्या वाटेला गेले नाही आणि आज अख्ख्या करावे गावात माझं नाव कशासाठी निघतं, तेवढं ऐका!

झालं काय, आमच्या निखिलचं लग्न ठरलं. मुलगी करावे गावातली, प्राजक्ता. तिची आई, बेबीताई, पहिल्यांदाच एकट्या आमच्याकडे नेरूळला यायच्या होत्या. आदल्या दिवशी निखिलने एक बाटली आणून ओट्यावर ठेवली. गुलाबी-जांभळी, वर फळांची चित्रं. मला वाटलं, सरबत.

"आई, ही बेरीवाली जिन. बेबीताईंना गोव्यात आवडली होती म्हणे. उद्या दे त्यांना."

"मी? विहिणीला दारू वाढू?"

"आणि तू पण थोडी घे, त्या एकट्या कशा पितील? सोप्पंय गं. ग्लासभर बर्फ, थोडी जिन, वरून टॉनिक, दोन-चार जांभळं. हळूहळू प्यायची. टॉनिक खाली स्टोअरमध्ये मिळेल."

सांगून मोकळा! आता आमच्या बिल्डिंगखाली स्टोअर एकच, मेडिकल. गेले.

"टॉनिक द्या. मोठी बाटली."

"कोणाला हवंय?"

"आम्ही दोघी बायका आहोत. पन्नाशीच्या."

"थकवा वगैरे येतो का?"

"उद्या येईलच!"

"मग हे घ्या, लोह आहे यात. दोन चमचे, जेवणानंतर."

"छे हो, आम्ही जेवणाआधी घेणार. ग्लासात."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी मनात म्हटलं, किती मागासलेला माणूस!

दुसऱ्या दिवशी बेबीताई कोलंबीचा डबा घेऊन आल्या. मी त्यांच्यासमोरच ऐटीत बर्फ घातला, जिन ओतली, वरून बाटलीतलं टॉनिक. सगळं काळंकुट्ट! वर जांभळं सोडली, ती दिसेनाशी झाली.

पहिला घोट घेतला. देवा रे! गंजलेला खिळा चघळल्यासारखं! पण समोर विहीण. तोंड वाकडं करून चालेल?

"कसं लागतंय?" मी विचारलं.

"हां... ब्येस हाय," बेबीताई ग्लासाकडे बघत म्हणाल्या. "गोव्याला येगली होती. पन परत्येकाची रीत असते."

म्हटलं, एकदाचं संपवावं. नाक न दाबता नाक दाबल्यासारखी मी घटाघट प्यायले. बेबीताई डोळे विस्फारून बघतायत. मला वाटलं, इम्प्रेस झाल्या!

संध्याकाळी निखिल ओट्याशी गेला आणि किंचाळला, "आई! हे रक्तवाढीचं औषध आहे!"

"तूच म्हणालास ना टॉनिक?"

"टॉनिक वॉटर! सोड्यासारखं असतं ते!"

"मग 'वॉटर' म्हणताना जीभ झिजत होती का तुझी?"

"बेबीताईंना फोन कर, सांग."

"काय सांगू? तुमच्या मुलीची सासू अडाणी आहे?" विषय तिथेच बंद केला. तीच चूक झाली बघा.

साखरपुडा करावेला, त्यांच्याच घरी. अंगण बायकांनी भरलेलं. अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटून झाले आणि बेबीताई ट्रे घेऊन थेट माझ्याकडे. ट्रेमध्ये एकच ग्लास. काळाकुट्ट!

"खास तुमच्यासाठी, विहीनबाय."

"अहो, नको! आज कशाला?"

"लाजू नका. मी घरात समद्यांना सांगून ठेवलंय."

"काय सांगितलंत?"

"आमच्या विहीनबायना जिन लागते, ती पन औशध घालून. मला तर एक घोट उतरंना त्या दिवशी. आन तुमी घटाघट पेल्या! मंजे रोजचीच सवय असनार."

अख्खं अंगण माझ्याकडे वळून बघायला लागलं! मी निखिलकडे बघितलं, तर तो फुलांच्या कमानीत तोंड खुपसून उभा, खांदे गदगदा हलतायत.

"बेबीताई, शप्पथ सांगते, मी पीत नाही! मला टॉनिक म्हणजे काय तेच कळलं नाही हो!"

त्यांनी मायेने माझ्या पाठीवर हात फिरवला.

"आमचे दीर पन असंच म्हनायचे. नावड्याला डाक्टर हाय, त्यानं सोडवली त्यांची. आजच्या दिवस घ्या. सोमवारी मी सोता नेते तुमाला."